जुनी पाकपुस्तकं वाचताना: शेर, रुपयाभार आणि 'बेताने'

अधोली

गेल्या दोन महिन्यांत तीन पाकपुस्तकं लागोपाठ वाचून झाली. रामचंद्र सखाराम गुप्ते यांचं 'सूपशास्त्र' (१८७५), लक्ष्मीबाई धुरंधरांचं 'गृहिणीमित्र अथवा एक हजार पाकक्रिया' (१९१०) आणि कमलाबाई ओगल्यांची 'रुचिरा' (१९७०). याच क्रमाने वाचली आणि ज्यांना वाचायची आहेत त्यांनीही याच क्रमाने वाचावीत. साधारण शंभर वर्षांत पुस्तक कुणाशी बोलतंय हे कसं बदलत गेलं, ते नुसत्या मापांवरून कळतं. 'रुचिरा'त वाटी आणि चमचा आहे, म्हणजे घरात तराजू नाही आणि शेजारी सांगायला सासूही नाही, हे धरून पुस्तक लिहिलंय. जुन्या पुस्तकांना वाचणारीचा हात तयार आहे याची खात्री असते.

वाचायला अतिशय आनंद झाला. पण करायला घेतलं की अडतं. शेर म्हणजे नक्की किती? रुपयाभार, रत्तल, मासा यांचे ग्रॅम कसे करायचे? आणि सगळ्यात मोठी अडचण 'बेताने' आणि 'बेताची आच' यांची. जाणकारांनी कृपया सविस्तर लिहा. अशी आणखी पुस्तकं वाचली असतील तर तीही सांगा.

चिपटं

मस्त धागा! वजनापासून सुरुवात करते.

१ तोळा = ११.६६ ग्रॅम. ब्रिटिश अमदानीतला चांदीचा रुपया बरोबर एक तोळ्याचा, म्हणून 'रुपयाभार मीठ' म्हणजे एक तोळा मीठ. तोळ्याचे १२ मासे, मासा जवळजवळ १ ग्रॅम. केशर, जायफळ, कापूर यांच्यासाठी मासा येतो. माशाच्या ८ गुंजा.

५ तोळे = १ छटाक = ५८ ग्रॅम. तूप असेल तर चार मोठे चमचे सपाट भरून.
२० तोळे = पावशेर = २३३ ग्रॅम.
८० तोळे = १ शेर = ९३३ ग्रॅम.
४० शेर = १ मण = ३७.३ किलो.

रत्तल म्हणजे पौंड, ४५४ ग्रॅम, त्याचे १६ औंस. इंग्रजी पद्धतीच्या केक-बिस्किटांच्या कृतींत बहुधा रत्तल आणि औंसच असतात.

दशमान वजनं १९५८ पासून टप्प्याटप्प्याने आली. त्यामुळे साठच्या दशकातल्या पुस्तकांत दोन्ही पद्धती एकत्र सापडतात. तिथे 'पाव' दिसला की थांबून बघायचं, कारण पावशेर २३३ ग्रॅम आणि पाव किलो २५० ग्रॅम. भाजीला चालून जातं, पाकाला नाही.

मोहरी

वाचनखूण साठवली आहे. धन्यवाद चिपटं ताई.

तिरफळ

चिपटं, कोष्टक बरोबर आहे, पण 'शेर = ९३३ ग्रॅम' हे सगळीकडे लावलंत तर फसाल. ८० तोळ्यांचा तो पक्का शेर. मुंबईचा जुना मण २८ रत्तलांचा होता आणि त्याचेही शेर चाळीसच. म्हणजे मुंबईचा शेर झाला ३१८ ग्रॅमचा, पक्क्या शेराच्या जेमतेम एक तृतीयांश. पुस्तक कुठे छापलं, लिहिणारी बाई कुठली, हे बघितल्याशिवाय शेराला हात लावू नये.

एक सोपी परीक्षा आहे. कृतीत मोजून घ्यायची वस्तू शोधा: नारळ, लिंबं, केळी, अंडी. समजा, नारळीभाताला 'एक शेर तांदूळ, एक नारळ' लिहिलंय. मध्यम नारळाचं खोबरं दोन वाट्यांच्या आसपास निघतं. ३१८ ग्रॅम तांदूळ म्हणजे अडीच वाट्या, प्रमाण जुळलं. तोच शेर ९३३ ग्रॅमचा धरला तर साडेसात वाट्या तांदळाला दोन वाट्या खोबरं. तो नारळीभात म्हणायचा कसा? लिंबांचं तसंच. लिंबू बदलत नाही, शेर बदलतो.

आणि सगळे घटक शेरातच दिले असतील तर ग्रॅम करत बसण्याची गरजच नाही. एक शेर डाळीला एक शेर गूळ, म्हणजे समसमान. वाटीने घ्या, फुलपात्राने घ्या.

चिपटं

@तिरफळ, मुंबईच्या शेराचं मान्य, ते सुटलंच होतं. पण शेवटचा परिच्छेद धोक्याचा आहे. वजनी शेर आणि मापी शेर वेगळे. मापाचं कोष्टक असं: २ निळवी = १ कोळवं, २ कोळवी = १ चिपटं, २ चिपटी = १ मापटं, २ मापटी = १ शेर, २ शेर = १ अधोली, २ अधोल्या = १ पायली. ही भांडी आहेत, वजनं नाहीत. मापी शेरभर पोहे आणि मापी शेरभर हरभरा डाळ यांचं वजन एक भरणार नाही.

ओळखायचं कसं? मापटं, चिपटं, पायली आलं की ते माप. तोळा, छटाक, रुपयाभार आलं की ते वजन. शेर आणि पावशेर दोन्हीकडे येतात, तिथे पदार्थ बघायचा. तूप, गूळ, साखर वजनी. धान्य पुष्कळदा मापी. दूध मापी.

म्हणजे 'एक शेर डाळ, एक शेर गूळ' यात डाळ मापी आणि गूळ वजनी असू शकतो. तेव्हा समसमान म्हणून सोडून देता येत नाही.

विरजण

वाटीचंही सांगून ठेवतो, कारण नवीन पुस्तकांतही हाच घोळ आहे. १५० मिलीच्या वाटीत सपाट भरून साखर सुमारे १२५ ग्रॅम, तांदूळ १२० च्या पुढे, बारीक रवा १०० च्या आसपास, कणीक ८०, चाळलेलं बेसन ६० ते ७०. बेसन दाबून भरलं की सरळ ९० वर जातं. म्हणून लाडवाच्या कृतीत 'दोन वाट्या बेसन' चाळण्याआधीचं की नंतरचं, हे लिहिलेलं नसेल तर तूप शेवटपर्यंत हातचं राखून घालावं.

अमेरिकेतला कप २३७ मिलीचा. आपल्या वाटीच्या दीडपटीहून जास्त. एकाच कृतीत कप आणि वाटी मिसळू नका.

रानजाई

मला या चर्चेची दिशाच थोडी खटकते. 'सूपशास्त्र' मोजमाप काढून करून बघण्यासाठी वाचायचं? मी तरी त्याकडे त्या काळचं घर बघायला म्हणून जाते. कुठले जिन्नस गृहीत धरलेत, कुठले 'मिळाल्यास' म्हणून येतात, उपासाचं काय, पाहुण्याचं काय. पाकपुस्तकासारखा सामाजिक इतिहास दुसरा नाही. चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याचा बाराव्या शतकातला 'मानसोल्लास' आपण मांडे करायला थोडाच उघडतो! त्यात मंडक, इडरिका, धोसक ही नावं भेटतात आणि आजच्या ताटातल्या पदार्थांचा माग नऊशे वर्षं मागे जातो, यातच सगळं आलं.

तिरफळ

@रानजाई, दोन्ही करता येतं की. पण करून बघितल्याशिवाय त्या घराचाही पत्ता लागत नाही. 'चार दिवस भिजवून' हे वाचणं वेगळं आणि त्यासाठी मोकळं पातेलं, सावलीची जागा आणि रोज पाणी बदलणारं माणूस घरात लागतं हे कळणं वेगळं.

घाटमाथा

रानजाई, तंजावरला विसरू नका. रघुनाथ नवहस्त (नवाथे) यांचं संस्कृत 'भोजनकुतूहल' सतराव्या शतकातलं, तंजावरच्या मराठा दरबाराशी जोडलेलं. आणि दुसऱ्या सरफोजींच्या काळातलं (कारकीर्द १७९८ ते १८३२) 'शरभेंद्र पाकशास्त्र' तर मराठीत आहे, राजवाड्याच्या मुदपाकखान्यातलं. 'सूपशास्त्र' हे छापील मराठी पाकपुस्तकांतलं पहिलं मानतात, पण मराठीत पाककृती लिहिणं त्याच्या कितीतरी आधीचं, आणि तेही महाराष्ट्राबाहेर.

गच्चीतली_तुळस

'चार दिवस भिजवून' वरून अनारशांकडे वळते, कारण जुनी पुस्तकं कशी वाचावीत याचं त्याहून चांगलं उदाहरण नाही. बहुतेक कृतींत एक वाक्य असतं: पिठाइतकाच गूळ घालावा. कशाइतका? सगळी मेख तिथे आहे.

जुना जाड तांदूळ तीन दिवस भिजवायचा, पाणी रोज बदलायचं. चौथ्या दिवशी उपसून कापडावर सावलीत पसरायचा. हाताला ओला लागू नये, पण दाताखाली कडकही लागू नये, इतपत सुकला की दळून लगेच चाळायचा. भिजलेल्या तांदळात पाण्याचंच वजन साधारण पाव हिस्सा असतं. सुकवल्यावर त्यातलं काही जातं, बरंचसं राहतं. आता 'समभाग गूळ' तुम्ही मूळच्या कोरड्या तांदळाच्या वजनाने घेतलात की दमट पिठाच्या वजनाने, यावर गुळात मोठा फरक पडतो. एक किलो तांदळाला गूळ एक किलो की सव्वा किलो? अनारसा जमणं आणि बिघडणं याच पावकिलोत आहे. शिवाय दमट पीठ फुललेलं असतं, म्हणून वाटीने मोजलं तर तिसराच आकडा येतो.

सुरक्षित वाट अशी: दमट पीठ वजन करून घ्यायचं, किसलेला गूळ त्याच्या पाऊणपट घ्यायचा, एखादा चमचा तूप घालून दोन्ही एकत्र मळायचं, गोळे करून घट्ट झाकणाच्या डब्यात निदान चार-पाच दिवस ठेवायचे. गूळ पाझरून पीठ आपोआप सैल होतं. मळल्यावर लगेच सैल वाटलं तर आधीच गूळ किंवा ओल जास्त झाली आहे.

थापताना खसखशीवर थापायचा, तळताना खसखस वर. उलटायचा नाही. झाऱ्याने कडेचं तूप वर उडवत राहायचं. आच मंदच्या जरा वर. वाफ वर निघायला वाट शोधते तिचीच जाळी पडते, म्हणून उलटला की जाळी बुजते. काढल्यावर चाळणीत उभे करून ठेवायचे, आडवे ठेवले तर तूप आतच राहतं.

कढईत टाकल्याबरोबर पसरून विरघळायला लागला तर अनारसा हसला म्हणायचं. कारणं तीन: गूळ जास्त, पीठ ओलं, किंवा तूप पुरेसं तापलेलं नाही. आधी तूप बघा, ते ठीक असेल तर गोळ्यात चमचा-दोन चमचे तांदळाची कोरडी पिठी मळा, तासभर थांबा आणि एकच टाकून बघा. उलट, कडक झाला आणि जाळी पडलीच नाही तर ओल कमी पडली आहे. दुधाचा हात लावून किंवा केळ्याची छोटी फोड कुस्करून मळायचं.

मोहरी

अनारसा हसला की करणारीला रडू येतं, हा मराठीतला सगळ्यात चपखल शब्द आहे!

प्रश्न: गुळाऐवजी साखर चालते का?

गच्चीतली_तुळस

@मोहरी, चालते. पिठीसाखर घ्यायची, पण पीठ कमी सैल होतं, म्हणून ताक किंवा दुधाचा हात जास्त लागतो. रंग पांढरा राहतो. चवीला मात्र गुळाचाच.

डेन्व्हरकर

पाकाबद्दल. जुनी पुस्तकं एकतारी, दोनतारी, गोळीबंद एवढंच सांगतात आणि ते पुरेसं आहे. थर्मामीटर असेल तर समुद्रसपाटीला एकतारी १०४ ते १०६ अंश सेल्सियस, दोनतारी ११० पर्यंत, गोळीबंद ११२ ते ११६. पण हे आकडे उंचावर जशास तसे चालत नाहीत. डेन्व्हर १६०० मीटरवर आहे, इथे पाणीच ९५ अंशांच्या जरा खाली उकळतं. तेव्हा प्रत्येक आकड्यातून ५ अंश वजा करायचे. नाही केले तर एकतारी समजून दोनतारी होतो आणि रव्याच्या लाडवाचा भुगा होतो. बोटांमधली तार मात्र मुंबईत आणि इथे सारखीच. म्हणजे पुस्तकातली खूण आकड्यापेक्षा जास्त खरी निघाली.

तार बघताना थेंब ताटलीत घेऊन दहा सेकंद निवू द्या. गरम पाकाची तार येत नाही म्हणून उकळत राहिलात की पाक पुढे जातो.

विरजण

+१. रव्याच्या लाडवाचं प्रमाण: २ वाट्या रवा, सव्वा वाटी साखर, साखरेच्या निम्मं पाणी. मिश्रण सैल वाटलं तर घाई करू नये, रवा दोन-तीन तासांत पाक पितो. त्यानंतरही वळत नसेल तर पाक कच्चा होता. कोरडं होऊन फुटत असेल तर पाक पुढे गेला, कोमट दूध शिंपडून अर्धा तास झाकून ठेवायचं.

पेडण्याचो

आचेबद्दल कुणीच लिहिलं नाही म्हणून लिहितो. 'खाली-वर निखारे' हे जुन्या पुस्तकांत दिसलं की ओव्हन १७० ते १८० अंशांवर आणि वरची-खालची दोन्ही आच चालू. पण 'झाकणावर निखारे' एवढंच असेल तर फक्त वरची आच, म्हणजे ग्रिल. गोव्याची बिबिंक याच आचेवर होते. नारळाचा घट्ट रस, अंड्यांचे बलक, साखर आणि मैदा यांचं सरसरीत मिश्रण. भांड्याला तूप, पातळसा पहिला थर, वरून आच. थर तपकिरी ठिपक्यांचा झाला की त्यावर चमचाभर तूप आणि मगच पुढचा थर. निदान सात. खालची आच चालू ठेवली तर तळचा थर प्रत्येक खेपेला पुन्हा भाजला जातो आणि सातव्या थराला तो करपलेला असतो. थर नीट भाजण्याआधी पुढचा ओतला तर दोन्ही मिसळून जाडजूड खरवस होतो आणि कापताना पदर सुटत नाहीत. पूर्ण गार झाल्याशिवाय सुरी लावायची नाही.

जुनं_पान

अवांतर वाटेल, पण नाही. मूळ जुनी आवृत्ती आणि नव्याने अक्षरजुळणी केलेली आवृत्ती यांत एक फरक पडतो. १९६२ च्या शुद्धलेखन नियमांनी न उच्चारले जाणारे अनुस्वार गेले. जुन्या पानावर 'ती वाटावी' आणि 'तीं वाटावीं' ही दोन वेगळी वाक्यं आहेत. पहिल्यात स्त्रीलिंगी एकवचन, म्हणजे डाळ. दुसऱ्यात नपुंसकलिंगी अनेकवचन, म्हणजे वर सांगितलेली कडधान्यं. नव्या जुळणीत दोन्ही 'ती वाटावी' होतात आणि नक्की काय वाटायचं ते कळत नाही. अशा जागी जुनी प्रत ग्रंथालयात जाऊन बघावी. ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ चं, मुंबईचं १८९८ चं, अशा ठिकाणी विचारून ठेवायला हरकत नाही. पानं ठिसूळ असतात. पुस्तक ओट्यावर न्यायचं नाही, कृती पेन्सिलीने उतरवून घ्यायची.

रानजाई

@जुनं_पान, हे फारच मोलाचं. अनुस्वार मी नुसता शोभेचा समजत होते. अशाने माझंही मत थोडं बदलतंय: करून बघणारी माणसंच व्याकरण इतक्या बारकाईने वाचतात.

दुर्गा भागवतांचं 'खमंग' कुणी वाचलंय का? अधोली यांच्या यादीत ते हवंच. विदुषीच्या हातचं पाकपुस्तक कसं असतं ते बघण्यासाठी तरी.

अधोली

सगळ्यांचे मनापासून आभार. 'खमंग' यादीत घेतलं. शेर, वाटी, पाक, आच, सगळं मार्गी लागलं. 'बेताने' अजून राहिलंय. बेसनाच्या लाडवात 'तूप बेताने घालून बेसन खमंग भाजावे' हे एकच वाक्य. यातून किती तूप आणि किती वेळ, हे कसं काढायचं?

गच्चीतली_तुळस

अधोली, तूपच सांगतं. २ वाट्या जाडसर बेसनाला अर्ध्या वाटीवर सुरुवात करा. आधी गोळा-गोळा होईल, उलथनं जड लागेल, तूप कमी पडलं असं वाटेल. तेव्हा लगेच ओतू नका. मंद आचेवर दहा-बारा मिनिटं हलवत राहिलं की बेसन सैल पडायला लागतं आणि हात हलका होतो. इतकं करूनही सैल पडलं नाही तरच चमचा-चमचा तूप वाढवायचं, पाऊण ते एक वाटीपर्यंत. पुढे रंग बदामी होतो, कडेने तूप सुटतं, वास कच्च्या डाळीचा न राहता भाजल्या शेंगदाण्यासारखा येतो. तिथे थांबून दुधाचा हबका मारायचा, दोन चमचे, जास्त नाही. फसफसून वर येतं आणि दाणा पडतो.

पिठीसाखर कोमट झाल्यावरच. गरम असताना घातली की साखर विरघळते, मिश्रण पातळ होतं आणि लाडू बसतात. मग लोक तूप जास्त झालं म्हणतात. तूप बरोबरच असतं, घाई झालेली असते.

चिपटं

पुरणालाही हीच तऱ्हा. 'आटवावे' एवढंच लिहिलेलं असतं, पण उलथनं मध्यभागी उभं केलं आणि पडलं नाही की झालं. डाळ बोटाने चिरडली जाईपर्यंत गूळ घालायचा नाही. आधी घातला की डाळ तशीच टणक राहते, मग कितीही शिजवा. आणि पुरण गरम असतानाच वाटायचं, गार झालं की पुरणयंत्राचा दांडाच फिरत नाही.

तिरफळ

अधोली, 'गृहिणीमित्र' हाताशी असेल तर एक करा. नारळ किंवा लिंबं मोजून दिलेल्या चार-पाच कृती काढा आणि त्यांत शेर किती भरतो ते इथे लिहा. एकदा तो शेर पक्का झाला की हजारही कृती उघडतील.

अधोली

काढते. शनिवारी लिहिते.